गायकाच्या आवाजाची निगा

स्वरतंतू, श्वास आणि रियाज यांची गायकाने घ्यायची काळजी. हिंदुस्थानी कंठसंगीतात ती तालमीपासून वेगळी काढता येत नाही, कारण आवाज बहुधा बिघडतो तो चुकीच्या किंवा अति गाण्यामुळेच.

स्वरतंतूंची लांबी प्रौढ पुरुषांत साधारण १७ ते २५ मिलिमीटर असते. स्त्रियांत ती त्याहून कमी. काळी एकच्या मध्य षड्जावर ते सेकंदाला सुमारे १३९ वेळा, तर तार षड्जावर त्याच्या दुप्पट वेळा एकमेकांवर आदळतात. जोर लावून गाणाऱ्यांत हा मार पुढच्या एक तृतीयांश भागाच्या कडेला सर्वांत जास्त बसतो आणि गाठीही तिथेच येतात. त्यामुळे पट्टीची निवड हा निगेचा पहिला भाग ठरतो. गुरूच्या किंवा आवडत्या गायकाच्या पट्टीत गाण्याच्या हट्टापायी अनेक चांगले गळे अकाली थकले आहेत.

पहाटे मंद्र सप्तकात खर्ज भरण्याची जुनी पद्धत आहे. खालच्या स्वरांवर स्वरतंतू सैल राहतात, आघातांची संख्या कमी होते आणि लांब श्वासावर ताबा येतो. मात्र आवाज पोचत नसेल तिथे तो दाबून खाली नेणे तार सप्तकात ओरडण्याइतकेच घातक आहे.

अतिश्रमाचे ठळक उदाहरण अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) यांचे. एका संस्थानिकाच्या दरबारात अतोनात गावे लागल्याने त्यांचा आवाज गेला. परतलेल्या आवाजाला पूर्वीची तयारी झेपेना, तेव्हा त्यांनी गायकीच नव्याने बांधली. जयपूर-अत्रौली घराण्याचा घाट असा एका दुखावलेल्या गळ्याशी जोडलेला आहे. वयात येतानाचा काळही नाजूक असतो. किर्लोस्कर नाटक मंडळीत बालवयात नाव मिळवलेल्या भास्करबुवा बखले यांचा आवाज याच वयात फुटला. पुढे ते मोठे ख्यालगायक झाले, पण दीर्घ तालमीनंतर. या काळात मुलांकडून जुन्याच पट्टीत गाऊन घेणे टाळावे.

ज्येष्ठमध, खडीसाखर, आल्याचा रस यांनी घशाला आराम पडतो, परंतु गिळलेली वस्तू अन्ननलिकेत जाते. ती स्वरतंतूंना लागत नाही. पाण्याचेही तसेच. त्याचा लाभ शरीरातून सावकाश होतो, म्हणून ते मैफलीच्या ऐन वेळी नव्हे, दिवसभर प्यावे. वाफ मात्र थेट पोचते. मैफलीनंतर मध्यरात्री भरपेट जेवून लगेच झोपल्याने पोटातील आम्ल घशापर्यंत चढू शकते. सकाळचा जड आवाज व सतत घसा खाकरण्याची सवय बऱ्याचदा यातून येते. खाकरणेही स्वरतंतूंना इजा करते. तंबाखू आणि धूम्रपान यांचे समर्थन कोणत्याही थोर गायकाच्या नावाने करता येत नाही.

आवाज बसला असता औषध घेऊन मैफल निभावणे धोक्याचे असते. सुजलेल्या स्वरतंतूंत रक्तस्राव होऊ शकतो आणि ॲस्पिरिनसारख्या गोळ्यांनी तो धोका वाढतो. दोन-तीन आठवड्यांत आवाज न सुधारल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्र तपासून घ्यावे. आरशाच्या साहाय्याने स्वतःचे स्वरयंत्र १८५४ मध्ये पाहणारा मॅन्युएल गार्सिया हा गायनशिक्षकच होता. गाठी लवकर सापडल्यास विश्रांती आणि वाचोपचार यांनी त्या बहुधा विरतात, शस्त्रक्रिया नंतरची. त्यानंतर रियाज मध्य सप्तकात, थोड्या वेळापासून सुरू करून हळूहळू वाढवतात.