चेन नसलेली सुझुकी

गिअर कापण्याच्या कामातच माझं नोकरीचं सगळं आयुष्य गेलं, आधी पिंपरीत, मग इकडे जर्मनीत, स्टुटगार्टजवळ. त्यामुळे मोटरसायकल दिसली की माझी नजर आधी मागच्या चाकाकडे जाते. सुझुकी व्हीएक्स ८०० ला तिथे चेनही नाही अन् स्प्रॉकेटही नाही. ताकद शाफ्टमधून येते.

ही गाडी आली १९९० साली. इंट्रुडर ७५० या क्रूझरचं ४५ अंशांचं व्ही-ट्विन इंजिन सुझुकीने घेतलं, सिलिंडरचा व्यास ८० वरून ८३ मिलिमीटर केला, स्ट्रोक ७४.४ तसाच राहू दिला. ७४८ सीसीचं ८०५ झालं. रूप मात्र क्रूझरचं नाही. सरळ बैठक, उघडं इंजिन, कसलाही बडेजाव नाही.

खरं कसब शाफ्टमध्ये आहे. बीएमडब्ल्यूने १९२३ च्या आर ३२ पासून क्रँक गाडीच्या लांबीत बसवला, म्हणून त्यांच्या शाफ्टला मागच्या चाकापाशी एकदाच वळावं लागतं. व्हीएक्सचा क्रँक आडवा. तिथे ताकद दोनदा काटकोनात वळते: इंजिनातून बाहेर पडताना आणि चाकाशी पोचल्यावर. दोन्हीकडे बेव्हल गिअर, आणि दातांमधली फट शिम घालून जुळवायची. हे काम महागडं आणि वेळखाऊ. गाडीचं वजन वाढतं, थोडी ताकदही वाया जाते. तरी सुझुकीने ते केलं, कारण १९७९ च्या जीएस ८५० जी पासून हे तंत्र त्यांच्या हातात बसलेलं होतं.

चेन नसण्याचं सुख मला लहानपणापासून माहीत आहे. आमच्या वडिलांच्या चेतकला चेन नव्हती. इंजिन मागच्या चाकालाच भिडलेलं. शेजारचे काका मात्र पावसाळाभर येझदीची चेन रॉकेलने धूत बसायचे.

मग व्हीएक्स बाजारात फारशी का चालली नाही? ज्याला वेग हवा होता त्याला सुझुकीच्याच दुकानात जीएसएक्स-आर उभी दिसे, आणि ज्याला ऐट हवी त्याला इंट्रुडर. जुन्या वळणाच्या उघड्या गाडीची हौस असणाऱ्यांना कावासाकीच्या झेफरने ओढलं. अमेरिकेत १९९३ नंतर ती मिळेनाशी झाली. युरोपात आणखी काही वर्षं टिकली. माझ्या मते तिची पारख दुकानात उभ्या उभ्या होणारीच नव्हती. दिवसभर पावसात हायवेवर चालवून संध्याकाळी चेनला हात न लावता झोपायला मिळालं, की ती कळते.

आजही कुणी जुनी व्हीएक्स घ्यायला निघालं, की मी आधी मागचं चाक काढून बघायला सांगतो. चाक आणि त्याच्याजवळची बेव्हल गिअरपेटी जोडणाऱ्या स्प्लाइनना, म्हणजे एकमेकांत बसणाऱ्या दातांना, ग्रीस लागतं, आणि टायर बदलताना ते लावायचं बऱ्याच जणांच्या लक्षात राहत नाही. दात झिजून टोकदार झाले असतील तर किंमत पाडून मागावी. दात जाड आणि ग्रीसने ओले असतील, तर घासाघीस न करता गाडी घरी आणावी.