आस्वाद, पंचनामा आणि मोहाची धार

मराठी समीक्षेत 'आस्वाद' हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की तो मुळात जिभेचा शब्द आहे, याचे भानही उरत नाही. रस, रुची, आस्वाद, चर्वणा ही काव्यचर्चेची सारी परिभाषा पाकशाळेतून आणि पानगृहातून आलेली आहे. काव्य चाखावे कसे, यावर आपल्याकडे दोन हजार वर्षे चर्चा झाली. मात्र प्रत्यक्ष चाखण्याच्या वस्तूंपैकी कोणत्या वस्तूला आस्वादाची भाषा मिळते आणि कोणत्या वस्तूच्या वाट्याला केवळ पंचनाम्याची भाषा येते, हा प्रश्न आपण फारसा विचारलेला नाही. एका फ्रेंच आणि एका वैदर्भीय मद्याच्या इतिहासाच्या आधारे तो येथे विचारावा, असा आमचा हेतू आहे.

प्रथम फ्रेंच मद्य. अ‍ॅब्सिंथ हे हिरवे मद्य अठराव्या शतकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडच्या व्हाल-द-त्राव्हेर खोऱ्यात आकाराला आले. १८०५ मध्ये सीमेपलीकडच्या फ्रेंच पोंतार्लिए गावी पेर्नो घराण्याची भट्टी सुरू झाली आणि त्याचा मोठा व्यापार उभा राहिला. बडीशेप, तिच्याच जातीच्या चवीची अनीस आणि कडू अफसंतीन या तीन वनस्पती त्याच्या मुळाशी आहेत. अफसंतीन आपल्याला फारशी परकी नाही. युनानी वैद्यकात ती आहेच. शिवाय चैत्रात देवाला वाहिला जाणारा, जोतिबाच्या डोंगरावर मानाचा असलेला दवणा तिच्याच कुळातला. एकाच कुळातील एक वनस्पती पॅरिसच्या पेल्यात उतरली आणि दुसरी आपल्या देवाच्या मस्तकी चढली!

या मद्याचे मूल्यमापन करण्याची एक ठरीव रीत आहे. आधी रंग पाहायचा: गाळलेल्या अर्कात पुन्हा वनस्पती मुरवून, त्यांच्या हरितद्रव्याने आलेला तो हिरवा असावा. काळाने तो वाळल्या पानासारखा पिवळसर तपकिरी झाला, तर तो दोष नसून वयाची खूण समजतात. मग छिद्रांच्या चमच्यावर साखर ठेवून तीवरून बर्फाचे पाणी थेंबाथेंबाने सोडायचे. मद्याच्या तिप्पट ते पाचपट पाणी पडेपर्यंत पेला हळूहळू गढूळ, दुधी होत जातो, कारण अनीसमधील तेल मद्यार्कात विरघळते, पाण्यात विरघळत नाही. हा दुधीपणा एकदम आला की सावकाश, दाट आहे की पातळ, यावर जाणकार बोलतात. त्यानंतर गंध, मग चव. बडीशेपेचा गोडवा आणि अफसंतिनीचा कडवटपणा यांचा तोल साधला आहे काय, हा शेवटचा निकष. सुधारलेल्या समीक्षेची सगळी अंगे येथे आहेत: रूप, घटकांचे संघटन, तोल, परंपरेशी नाते.

पण या मद्यालाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलॉक्सेरा या किडीने फ्रान्सचे द्राक्षमळे उद्ध्वस्त केले, वाइन महागली आणि बीटच्या स्वस्त मद्यार्कावर केलेली अ‍ॅब्सिंथ कामगारवस्तीत पोहोचली. हलक्या मालात हिरवेपणासाठी तांब्याचे क्षारही मिसळले जात. १९०५ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये लांफ्रे नावाच्या मजुराने आपल्या कुटुंबाची हत्या केली. त्या दिवशी त्याने भरपूर वाइन आणि ब्रँडी ढोसली होती, अ‍ॅब्सिंथचे जेमतेम दोन पेले. तरी दोष आला तो हिरव्या पेल्यावर. १९१० मध्ये स्वित्झर्लंडने आणि १९१५ मध्ये फ्रान्सने तिच्यावर बंदी घातली. ती माणसाला वेड लावते, ही समजूत शतकभर टिकली. बंदीपूर्व काळातील न उघडलेल्या बाटल्यांचे रासायनिक पृथक्करण २००८ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा ज्या थुजोन द्रव्यावर सारे खापर फोडले गेले होते त्याचे प्रमाण त्यांत फार नसल्याचे दिसले. स्वित्झर्लंडने २००५ मध्ये आणि फ्रान्सने २०११ मध्ये बंदी पुरती उठवली. आज तिच्या चवीवर पुस्तके निघतात.

आता भंडारा जिल्ह्यातील तुमसरजवळच्या आंबागडाकडे वळू. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याच्या राजवटीत, १७०० च्या सुमारास, राजाखान नावाच्या पठाण सरदाराने हा किल्ला बांधला. पुढे भोसल्यांच्या काळात तेथे कैदी ठेवले जात, आणि आतल्या विहिरीचे विषारी पाणी त्यांना पाजले जाई, अशी आख्यायिका आहे. किल्ल्याचा इतिहास सांगणारे या विहिरीपाशी थांबतात. आमचे लक्ष मात्र पायथ्याच्या रानातील मोहाकडे आहे. राजे, सुभेदार, भोसले आणि इंग्रज बदलत गेले, तरी चैत्राच्या आगेमागे पहाटे गळणारी त्याची फुले वेचणारे हात तेच राहिले.

मोहाचे फूल हे अन्न आहे, औषध आहे आणि गोंडांच्या देवकार्यात पूर्वजांना अर्पण करण्याच्या मद्याचा कच्चा माल आहे. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते. दुष्काळात माणसे त्यावर जगली आहेत. त्याचा उल्लेख आपल्या वाङ्मयातही जुना आहे. गोदाकाठच्या लोकजीवनातून आलेल्या 'गाथासप्तशती'त मोहाची फुले वेचायला जाणारी स्त्री भेटते. चरकसंहितेने फुलांपासून होणाऱ्या आसवांच्या यादीत मधूक घेतला आहे. म्हणजे एके काळी या फुलाला काव्यातही जागा होती आणि शास्त्रातही.

त्याच्या मद्यालाही स्वतःचे मूल्यमापनशास्त्र आहे, फक्त ते लिहिलेले नाही. फुले पाण्यात भिजवून आंबवतात. त्याला विदर्भात 'सडवा' म्हणतात. सडवा तयार झाला की नाही, हे त्याच्या वासावरून आणि बुडबुड्यांच्या शांत होण्यावरून ओळखतात. मग एकावर एक रचलेल्या मडक्यांत तो उकळतात. वरच्या मडक्यात थंड पाणी असते, त्याच्या तळाला लागून वाफ थिजते आणि मधल्या भांड्यात थेंब थेंब जमते. वरचे पाणी तापले की बदलायचे. किती वेळा बदलले, यावर मद्याचा कडकपणा ठरतो. पाण्याच्या बदलांची ही मोजणी म्हणजे निरक्षर भट्टीचे मापकयंत्रच होय. पहिली धार जाळ लावून पाहतात. निळी ज्योत धरली तर माल खरा. मराठीत 'पहिल्या धारेची' हा वाक्प्रचार येथूनच आला. आपण तो विनोदाला, शिवीला, क्वचित लेखनशैलीलाही लावतो, पण ज्या कसबातून तो निघाला त्या कसबाला भाषेत दुसरी जागा नाही.

ही जागा गेली कशी? उत्तर अबकारीच्या इतिहासात आहे. इंग्रजी राजवटीला दारू नको होती असे नाही. करमुक्त दारू नको होती. मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याने गाळप मोजक्या मक्तेदारांच्या हाती गेले. फूल तर रानात फुकट पडलेले. ते घरी असेल तोवर दारू घरी होणार. म्हणून १८९२ च्या मोह कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फूल गोळा करण्यावर व बाळगण्यावरच निर्बंध आले. अन्न म्हणून साठवलेले फूल आणि सडव्यासाठी साठवलेले फूल यांत कायद्याला भेद करता येईना, मग अन्नही संशयित ठरले. भंडारा तेव्हा मध्य प्रांतात होता. तेथे लिलावाने परवाना घेणाऱ्या ठेकेदाराला भट्टी लावण्याचा आणि विक्रीचा हक्क मिळे. घरची भट्टी मात्र गुन्हा.

या कथेतील उपरोध असा की त्याच सुमारास मोहाचे फूल युरोपच्या वाटेला लागले होते. मुंगेरचा अधिकारी एडवर्ड लॉकवुड याने १८७८ च्या आसपास त्याची युरोपीय वाचकांना ओळख करून दिली, आणि पुढच्या दशकात वाळलेली फुले गाळपासाठी फ्रान्सला जात होती. फायलॉक्सेराने त्रासलेल्या देशाला साखरेचा कोणताही स्वस्त स्रोत हवाच होता. फ्रेंच भट्टीत ते फूल कच्चा माल होते. ठाण्याच्या झोपडीत तेच मुद्देमाल झाले.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले नाही. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात मोहाच्या फुलांचा स्वतंत्र उल्लेख आहे. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९५९ मध्ये तो कायदा येथेही लागू झाला. तेव्हापासून मराठी वृत्तपत्रांत मोह भेटतो तो एकाच वाक्यरचनेत: इतके लिटर सडवा नष्ट, इतक्या रुपयांचा मुद्देमाल जप्त. कर्त्याला नाव असते ते आरोपी म्हणून. चवीला नाव नाहीच.

मराठी साहित्यानेही ही उणीव भरून काढली नाही. आपल्या मद्यविषयक वाङ्मयाचे शिखर 'एकच प्याला'. गडकऱ्यांचे निधन १९१९ च्या जानेवारीत सावनेर येथे झाले. नागपूरच्या उत्तरेचे हे गाव मोहाच्या मुलखाच्या उंबरठ्यावरचे. पण सुधाकराचा प्याला हा शिकलेल्या, नोकरी-वकिलीच्या जगातला प्याला आहे. तेथे मद्य हा शीलाचा प्रश्न आहे, आणि तो नाटककाराने विलक्षण ताकदीने मांडला. ज्या समाजात मद्य हा देवाचा नैवेद्य आहे, मर्तिकाचा मान आहे, तेथे प्रश्न वेगळा असतो, एवढे मात्र त्या चौकटीत मावत नाही.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. भट्टीचे असे गौरवीकरण कुणाच्या जिवावर? गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी आली ती लोकांच्या मागणीने. महाराष्ट्रात 'आडव्या बाटली'ला मत देणाऱ्या स्त्रिया कुणा साहेबाच्या नीतिशास्त्राने प्रेरित नव्हत्या, त्यांच्या पाठीवर वळ होते. हातभट्टीत नवसागर पडतो, काळा गूळ पडतो. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत मिथेनॉलमिश्रित दारूने शंभरावर बळी घेतले. हे सारे खरे आहे. पण भेसळीचा हा इतिहास अ‍ॅब्सिंथच्या तांब्याच्या क्षारांशी ताडून पाहावा. वस्तू लपूनछपून होऊ लागली की तिची पारख करणारा ग्राहक नाहीसा होतो. निळी ज्योत पाहणारा जातो आणि केवळ नशा मोजणारा उरतो. चवीची भाषा नष्ट होणे हे स्त्रियांच्या दुःखाचे एकमेव कारण नव्हे, पण ते त्या दुःखाच्या विरुद्ध बाजूलाही उभे नाही.

अलीकडे वारे फिरले आहे. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. २०१८ मध्ये गोव्यातच मोहाचे मद्य नव्या दिमाखात बाटलीबंद झाले. २०२१ मध्ये मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला वारशाचा दर्जा देण्याचे जाहीर केले आणि महाराष्ट्राने मोहफुलांच्या संकलन-वाहतुकीवरील निर्बंध सैल केले. उद्या या मद्याच्या गंधावर, तोलावर, धारेच्या मऊपणावर इंग्रजीतून टिपणे लिहिली जातील. त्यांत मधाची, मनुक्यांची, रानफुलांची उपमा येईल.

आमची शंका येथेच आहे. पोंतार्लिएच्या अ‍ॅब्सिंथची बंदी उठली तेव्हा तिच्या जुन्या शब्दांसह ती परत आली, कारण ते शब्द पाककृतींत, जाहिरातींत, चित्रांत जपलेले होते. मोहाचे शब्द वेचणाऱ्या बायांच्या आणि भट्टी लावणाऱ्या म्हाताऱ्यांच्या तोंडी आहेत. त्यांतले बरेच गोंडीत आहेत, आणि ते बोलून दाखवणे म्हणजे आजवर गुन्ह्याची कबुली देणे होते. भंडाऱ्या-गोंदियाच्या महाविद्यालयांत मराठी शिकवणाऱ्या आणि शिकणाऱ्यांनी हे शब्द टिपून घेण्याचे काम हाती घ्यावे. सडव्याच्या अवस्थांची नावे, धारेच्या प्रतींची नावे, बिघडलेल्या मालाची नावे आधी कागदावर आली, तर बाटलीवरची भाषा ठरवताना त्या माणसांनाही काही म्हणता येईल.