नटलेला चाकर, उघडा राजा

संभाजीनगरच्या पंचतारांकित हॉटेलातून अजिंठ्याला निघालेल्या पाहुण्याची गाडी सिल्लोडवरूनच जाते. सकाळी गाडीचं दार उघडून देणारा दरवान बंद गळ्याचा कोट, कमरपट्टा आणि तुऱ्याचा फेटा अशा थाटात असतो. पाहुणा मात्र हाफपँट आणि टी-शर्टात. चाकर नटलेला आणि धनी साधा, हे आपल्याला हल्लीचं वाटतं. पण सिल्लोड मागे टाकून, अजिंठ्याचा घाट उतरून पहिल्या लेण्यात शिरा.

वाकाटकांच्या काळातली, पाचव्या शतकातली ही चित्रं. राजा बहुधा कमरेच्या वर उघडाच : गळ्यात मोती, डोक्यावर मुकुट, खाली बिनशिवलेलं वस्त्र. मग अंगरखे कोणाला? शिपायाला, चाकराला, नर्तकीला. महाजनक जातकातली नर्तकी लांब बाह्यांच्या शिवलेल्या कपड्यात नाचते आहे आणि समोर राजा उघड्या अंगाने बसला आहे. छतावरच्या मद्यपानाच्या प्रसंगात परदेशी वळणाची मंडळी टोप्या, अंगरखे आणि चक्क पायमोजे घालून बसली आहेत. कापून शिवलेला कपडा राबणाऱ्याचा नाहीतर परक्याचा, असाच एकंदर हिशेब दिसतो.

हॉटेलचा गणवेश मात्र थेट लेण्यातून आलेला नाही. त्याचं घराणं साहेबाच्या बंगल्यातलं. मुघल सरदार ज्या पगड्या आणि कमरपट्टे मिरवत, तेच इंग्रजांनी खानसाम्याच्या आणि पट्टेवाल्याच्या अंगावर चढवले. कालच्या सरदाराचा पोशाख आजच्या नोकराला! मानववंशशास्त्रज्ञ बर्नार्ड कोह्न यांनी हा डाव नेमका टिपला आहे. अर्थात साहेबाने आपल्या पोशाखाचंही तेच केलं. एकेकाळी मेजवानीत उमरावांनी घातलेला शेपटीचा कोट पुढे वेटरच्या अंगावर राहिला. १६ डिसेंबर १९०३ रोजी मुंबईत ताजमहाल हॉटेल उघडलं, तोवर ही रीत मुरलेली होती. दारावरचा फेटेवाला पुढे ताजची ओळखच झाला.

आता या कपड्यांचा कारभार हाउसकीपिंगच्या युनिफॉर्म रूममधून चालतो. मळका जोड द्या, धुतलेला घ्या. फेटा बांधून द्यायला मात्र पूर्वी जाणता माणूस लागायचा. आता तो तयार मिळतो : आत टोपीसारखा साचा, त्यावर टाके घालून पक्क्या केलेल्या घड्या. त्या पोशाखात बिनशिवलेला असा तेवढाच ऐवज उरला होता, त्यालाही सुई लागली. डोकं बघून लहान-मोठा निवडायचा आणि टोपीसारखा चढवायचा.