सोड्याच्या धुरातून उभा राहिलेला पेशा

रसायन अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांपुढे बहुधा दोन वाटा मांडल्या जातात. एक रिफायनरीची, खतांची, औषधनिर्मितीची, ती पगाराची. दुसरी सांडपाणी प्रक्रियेची, प्रदूषण नियंत्रण मंडळाची. ती सद्‌हेतूची, पण आडवाटेची. ही वाटणी इतिहासाला धरून नाही. या पेशाचे पहिले पाठ्यपुस्तक लिहिणारा जॉर्ज ई. डेव्हिस हा इंग्लंडात कारखान्यांचा धूर तपासणारा सरकारी निरीक्षक होता. पर्यावरणाचे काम या विद्येला मागाहून चिकटलेले नाही. ते तिच्या मुळाशी आहे.

त्या धुराची कथा सोड्यापासून सुरू होते. काच, साबण आणि कापड या तिन्ही धंद्यांना सोडा लागतो. निकोला लब्लां या फ्रेंच माणसाने १७९१ मध्ये मिठापासून सोडा करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. मिठावर सल्फ्युरिक आम्ल ओतायचे, तयार झालेले सोडियम सल्फेट कोळसा आणि चुनखडीबरोबर भट्टीत भाजायचे, आणि त्या काळ्या राखेतून पाण्याने सोडा काढून घ्यायचा. पहिल्याच टप्प्यावर हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटे, तो थेट धुराड्यातून बाहेर. शेवटी उरे तो गंधकयुक्त गाळ. त्याचे ढीग कारखान्याबाहेर साचत आणि सडक्या अंड्यांसारखी दुर्गंधी सोडत. १८२० च्या दशकात जेम्स मस्प्रॅटने लिव्हरपूलमध्ये हा धंदा मोठ्या प्रमाणावर सुरू केला. पुढे सेंट हेलेन्स आणि विडनेस ही गावे सोड्याची झाली. आसपासची झाडे वाळली, पिके करपली. जमीनदारांनी दावे लावले, पण दहा धुराड्यांपैकी नुकसान कोणत्यामुळे झाले, हे सिद्ध करणे अवघड होते. मालकांनी धुराडी उंच केली. ग्लासगोच्या टेनंट कारखान्याने तर ४०० फुटांहून उंच धुराडे बांधले. आम्ल तेवढेच राहिले, फक्त लांब जाऊन पडू लागले.

उपाय मात्र ठाऊक होता. विल्यम गॉसेजने १८३६ मध्ये आम्ल शोषून घेणाऱ्या मनोऱ्याचे पेटंट घेतले होते. पहिला प्रयोग त्याने एका पडीक पवनचक्कीत केला, असे सांगतात. आत झाडझुडपांच्या काटक्या भरायच्या, वरून पाणी झिरपू द्यायचे, खालून वायू सोडायचा. ओल्या काटक्यांच्या विस्तृत पृष्ठभागावर आम्ल पाण्यात उतरते. आजच्या कारखान्यातला स्क्रबर याच घराण्यातला. तरीही पुढची पंचवीसहून अधिक वर्षे बहुतेक मालकांनी तो मनोरा मनावर घेतला नाही. १८६२ मध्ये लॉर्ड डर्बींच्या पुढाकाराने संसदेची समिती बसली, १८६३ मध्ये अल्कली कायदा झाला, आणि ९५ टक्के आम्लवायू अडवणे सक्तीचे ठरले. तेव्हा कुठे मनोरे सर्रास उभे राहिले.

यावर कोणी म्हणेल की सुधारणा कायद्याने नव्हे, नफ्याने झाली. त्यात तथ्य आहे. अडवलेले आम्ल आधी ओढ्यानाल्यांत सोडले जाई, म्हणजे हवेतला त्रास पाण्यात गेला. १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धात वेल्डन आणि डीकन यांनी त्याच आम्लापासून क्लोरीन काढण्याच्या पद्धती बसवल्या, क्लोरीनपासून ब्लीचिंग पावडर झाली, आणि कालचा कचरा कारखान्याचा आधार बनला. पण क्रम पाहा. आम्ल अडवण्याची सक्ती आधी आली, त्याला किंमत नंतर आली. गंधकाच्या ढिगांवर तशी सक्ती नव्हती. त्यातले गंधक परत मिळवण्याची चान्सची पद्धत प्रत्यक्षात यायला १८८८ उजाडले. नफा वाट रुंद करतो हे खरे, पण ती कोणीतरी आधी पाडावी लागते.

कायद्याची अंमलबजावणी रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनशास्त्रज्ञाकडे आली. आम्लयुक्त पावसावर त्याने १८७२ मध्ये ग्रंथ लिहिला. खटले भरण्यापेक्षा मालकांना समजावण्यावर त्याचा भर होता, आणि त्याबद्दल त्याच्यावर टीकाही झाली. ती मला अंशतः पटते. सौम्यपणाची किंमत शेजारच्या वस्त्यांनी मोजली. परंतु समजावणाऱ्या निरीक्षकाला यंत्र मालकाइतकेच, किंबहुना अधिक, कळावे लागते. डेव्हिस १८७८ मध्ये या सेवेत आला. त्या काळी प्रत्येक कारखान्याची कृती दाराआड असे. निरीक्षक मात्र एका फाटकातून दुसऱ्या फाटकात जाई. तापवणे, गाळणे, आटवणे, वायू पाण्यात शोषणे ही कामे कोणत्याही मालाच्या कारखान्यात तीच, हे डेव्हिसला उमगले ते या फिरस्तीमुळे, असे माझे अनुमान आहे. १८८७ मध्ये त्याने मँचेस्टरला बारा व्याख्याने दिली आणि १९०१ मध्ये आपले हँडबुक छापले. अमेरिकेत आर्थर लिटल यांनी १९१५ मध्ये याच विचाराला ‘युनिट ऑपरेशन्स’ हे नाव दिले. आपले विद्यार्थी आजही तेच शिकतात.

अर्थात एका निरीक्षकाने अख्खी विद्या घडवली नाही. १८८८ मध्ये अमेरिकेच्या एमआयटीत स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू झाला. जर्मन रंगधंद्याने आणि पुढे खनिज तेलाने या पेशाला बळ आणि पैसा दिला. त्या पैशामुळेच पर्यावरण हे वेगळे खाते वाटू लागले असावे.

लब्लांची पद्धत अखेर संपवली ती सॉल्व्हेच्या प्रक्रियेने. ब्रुनर आणि माँड यांनी १८७३ मध्ये इंग्लंडातल्या नॉर्थविचजवळ ती उभी केली. तिच्यात अमोनिया पुन्हापुन्हा वापरला जातो आणि आम्लवायू तयारच होत नाही. म्हणजे सर्वांत मोठी सुधारणा मनोऱ्याने नव्हे, मूळ प्रक्रिया बदलल्याने झाली. म्हणून नोकरीच्या नावात ‘पर्यावरण’ शोधणाऱ्या विद्यार्थ्याला मी उत्पादन विभागाकडे आधी बघायला सांगेन. विद्रावक कमी करणे, उत्प्रेरक बदलणे, उष्णता परत वापरणे हे निर्णय तिथे होतात. सांडपाणी प्रक्रिया संचापर्यंत (ईटीपी) येते ते त्या निर्णयांचे उरलेले.

याचा अर्थ निरीक्षकाची खुर्ची दुय्यम असा नाही. महाराष्ट्राने केंद्राच्या १९७४ च्या जल कायद्याआधीच, १९७० मध्ये, स्वतःचे मंडळ स्थापले. मुंबई विद्यापीठात रसायन तंत्रज्ञानाचा विभाग तर १९३३ मध्येच सुरू झाला. डोंबिवली, तारापूर, लोटे येथील सामायिक सांडपाणी केंद्रांना आणि मंडळाच्या कचेऱ्यांना गरज आहे ती फॉर्म भरून घेणाऱ्यांची नव्हे, तर रासायनिक भट्टी वाचता येणाऱ्या, आत गेलेला प्रत्येक किलो कुठे बाहेर पडला याचा हिशेब मांडणाऱ्या अभियंत्यांची.

सॉल्व्हेची प्रक्रियाही निर्दोष नाही. कॅल्शियम क्लोराइडचे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ती मागे ठेवते. ब्रुनर-माँडचा तो धंदा पुढे मुंबईच्या टाटा केमिकल्सकडे गेला. नॉर्थविचमध्ये त्यांनी २०२२ मध्ये वर्षाला ४०,००० टन कार्बन डायऑक्साइड धुरातून वेगळा करणारा संच सुरू केला, आणि तो वायू खाण्याचा सोडा करायला वापरला जातो. त्यात वायू द्रवात शोषला जातो, म्हणजे काम मूलतः गॉसेजच्या मनोऱ्याचेच. कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्याचा प्रश्न अजून कोणाची तरी वाट पाहतो आहे.