चाकांवरची स्वतःची खोली : शिवणयंत्र, गोधडी आणि अमेरिकन रस्ता

काही वर्षांपूर्वी एम.ए.च्या वर्गात व्हर्जिनिया वुल्फ यांच्या 'अ रूम ऑफ वन्स ओन' (1929) या पुस्तकावर चर्चा चालू होती. लिहिणाऱ्या स्त्रीला वर्षाकाठी पाचशे पौंडांचे उत्पन्न हवे आणि स्वतःची खोली हवी, हा त्यातला सुप्रसिद्ध मुद्दा आम्ही मांडत होतो. तेवढ्यात मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारले, "पण खोली घरातच कशाला हवी? घरातल्या खोलीचे दार कुणीही ठोठावते." वर्ग हसला. आम्हीही हसलो, पण प्रश्न मनात राहून गेला.

त्याचे एक अनपेक्षित उत्तर पुढे आम्हाला अमेरिकन क्विल्टचा, म्हणजे तिकडच्या गोधडीचा, इतिहास वाचताना सापडले. तेथील काही स्त्रिया 1950-60 च्या दशकांतले जुने कॅम्पर ट्रेलर, म्हणजे मोटारीमागे जोडून ओढत न्यायची छोटी घरे, विकत घेतात; त्यांची डागडुजी करतात आणि आत शिवणाची खोली थाटतात. मग चार दिवस एखाद्या तळ्याकाठी नाहीतर अरण्याच्या कडेला मुक्काम ठोकायचा आणि शिवत बसायचे. 1999 साली दोन बहिणींनी सुरू केलेल्या 'सिस्टर्स ऑन द फ्लाय' या संघटनेमुळे स्त्रियांनी असे जुने ट्रेलर सजवून एकत्र भटकंतीला निघण्याची तऱ्हा पुष्कळ रूढ झाली. सकृद्दर्शनी हा हौशी मंडळींचा छंद वाटेल. तथापि त्यामागचा इतिहास उलगडू लागला, की या छंदाचे धागे बरेच खोल गेलेले दिसतात.

क्विल्ट आणि प्रवास यांचे नाते ट्रेलरपेक्षा जुने आहे. 1840 ते 1860 च्या दशकांत लाखांनी माणसे मिसुरी नदीकाठाहून ऑरेगन व कॅलिफोर्नियाकडे निघाली. ऑरेगनची वाट सुमारे 3200 किलोमीटरांची. छताला कापड ताणलेल्या गाडीची लाकडी पेटी साधारण चार फूट रुंद आणि दहा-बारा फूट लांब. त्यात अख्खा संसार. क्विल्ट अंगावर घ्यायला होतेच, शिवाय बैठकीखाली अंथरायला, वारा अडवायला, चिनी मातीची भांडी गुंडाळायला, आणि वाटेत कुणी दगावले तर त्याला गुंडाळून पुरायलाही होते. निघण्यापूर्वी मागे राहणाऱ्या मैत्रिणी आणि नातलग एकेका तुकड्यावर शाईने आपापली सही करीत आणि ते तुकडे जोडून क्विल्ट तयार होई. ज्यांची पुन्हा भेट होणार नाही अशा माणसांची नावे पांघरून या स्त्रिया निघत.

या चित्राला दुसरी बाजू आहे आणि ती झाकून चालणार नाही. ही वाट लाकोटा, शायेन, शोशोनी या लोकांच्या भूमीतून जात होती. पुढे रानरेड्यांचे कळप नष्ट झाले, लाकोटांना राखीव क्षेत्रांत कोंडण्यात आले. तेव्हा त्यांच्या समारंभांत रानरेड्याच्या कातड्याची जागा हळूहळू तारा रेखलेल्या क्विल्टने घेतली. एकीचा क्विल्ट प्रवासाची आठवण सांगतो, तर दुसरीचा प्रवास थांबवला गेल्याची.

स्थिरावलेल्या वस्त्यांतून 'क्विल्टिंग बी' नावाची प्रथा बहरली. क्विल्टला तीन थर असतात : वरचा तुकड्यांचा, मधला कापसाचा आणि खालचा अस्तराचा. वरचा थर एकटीला मांडीवर घेऊन शिवता येतो. परंतु तिन्ही थर एकत्र टाचायचे तर मोठी लाकडी चौकट लागते आणि तिच्याभोवती आठ-दहा जणी लागतात. या सक्तीतूनच भेटीची सवड निघाली. रिकामी बसलेली बाई समाजाला खुपते. हातात सुई असली की तिच्या बसण्याला मान्यता मिळते. सुई हा त्या बसण्याचा परवानाच होता, असे आम्हाला वाटते.

आणि ज्या स्त्रीला अशी संगत लाभली नाही तिचे काय? सुझन ग्लास्पेल यांच्या 'ट्रायफल्स' (1916) या एकांकिकेत ती स्त्री रंगमंचावर येतच नाही. नवऱ्याच्या खुनाच्या आरोपावरून तिला अटक झालेली आहे. पुरुष अधिकारी घरभर पुरावा शोधतात आणि तिच्या अर्धवट क्विल्टविषयी चाललेल्या बायकांच्या बोलण्याला हसतात. बायकांना मात्र त्या क्विल्टमधले एकाएकी वेडेवाकडे झालेले टाके दिसतात आणि त्या टाक्यांतून सगळे समजते. ग्लास्पेल यांनी वार्ताहर असताना आयोवातील 1900 सालच्या एका खऱ्या खुनाच्या प्रकरणाचे वार्तांकन केले होते. एकांकिकेचे बीज तेथले आहे. एकटेपण लादलेले असेल तर सुईही सोबत करीत नाही, हे त्यातून ध्यानात येते.

आता यंत्रांकडे वळू. आयझॅक सिंगर याने 1851 साली आपल्या शिवणयंत्राचे पेटंट घेतले आणि 1856 पासून त्याच्या कंपनीने हप्त्यांवर विक्री सुरू केली. यंत्रयुगाचे टीकाकार असलेल्या गांधीजींनी 1924 साली रामचंद्रन या तरुणाशी बोलताना सिंगरच्या यंत्राला अपवाद केला होता. बायकोचे शिवणाचे कष्ट पाहवेनात म्हणून सिंगरने हे यंत्र घडवले, असे त्यांचे म्हणणे. यंत्राच्या मुळाशी त्यांना प्रेम दिसले. इतिहासाला ही कथा मानवत नाही. एकाच वेळी एकाहून अधिक संसार चालवणारा सिंगर पत्नीप्रेमाचा आदर्श खचितच नव्हता. तरीही कथेतली इच्छा गांधीजींची आहे आणि ती सुंदर आहे.

गंमत अशी, की ट्रेलरच्या जन्माचीही हुबेहूब अशीच कथा सांगतात. 'एअरस्ट्रीम' कंपनीचा संस्थापक वॉली बायम. त्याच्या पत्नीला स्वयंपाकघराविना तंबूत राहणे रुचेना, म्हणून त्याने चूल आणि बर्फपेटी असलेले फिरते घर बांधले, अशी आख्यायिका आहे. 1936 साली या कंपनीचा रिव्हेट ठोकलेल्या चकचकीत अॅल्युमिनियमचा 'क्लिपर' बाजारात आला. पत्नीसाठी केलेल्या या दोन्ही कथित भेटी आम्ही शेजारी ठेवून पाहिल्या. एकीत तिला अधिक वेगाने शिवता येऊ लागले, दुसरीत सुट्टीवरही तिचे स्वयंपाकघर तिच्यामागे आले. दोहोंत तिला काम मिळाले; वेळ मिळालाच असे नाही.

म्हणूनच आजच्या शिवणघरातील फेरबदल आम्हाला अर्थपूर्ण वाटतात. 1961 साली आलेला एअरस्ट्रीमचा 'बॅम्बी' अवघा 16 फुटांचा. एवढ्या जागेत काहीतरी काढल्याशिवाय काही ठेवता येत नाही. मग जेवणाच्या मेजावर यंत्र येते, शेगडीच्या ओट्यावर कापड बेतण्याची पाटी, भांड्यांच्या कपाटात रंगवारीने लावलेल्या कापडाच्या घड्या. यंत्रही बहुधा जुनेच : सिंगरचे 1933 साली आलेले 'फेदरवेट', अॅल्युमिनियमच्या अंगाचे, सुमारे पाच किलो वजनाचे, पेटीत बसणारे. त्याला वीज थोडी लागते. खरी वीज खाते ती इस्त्री, आणि तिच्या जोडीला वातानुकूलन लावले तर फ्यूज उडण्याचे भय. मोठ्या चौकटीला जागा नसल्याने काम एकेका चौकोनाने पुढे जाते, अगदी मांडीवर शिवणाऱ्या पणजीसारखे. नवऱ्याने बायकोसाठी बांधलेल्या स्वयंपाकघरातून बायकोने स्वयंपाकघर काढून टाकले, एवढ्या एका वाक्यात हा सगळा इतिहास सांगता येईल.

मात्र रस्ता सगळ्यांना सारखा खुला नव्हता. 'क्लिपर' आला त्याच 1936 साली व्हिक्टर ग्रीन यांचे 'ग्रीन बुक' प्रथम प्रसिद्ध झाले. काळ्या प्रवाशांना कोठे उतरता येईल, जेवता येईल, हे सांगणारी ही पुस्तिका 1960 च्या दशकापर्यंत निघत राहिली. अलाबामातील जीज बेंड या वस्तीतील काळ्या स्त्रियांच्या क्विल्टांची प्रदर्शने 2002 पासून मोठमोठ्या संग्रहालयांत झाली. पण 1962 मध्ये, तेथील लोक मतदार म्हणून नाव नोंदवू लागले असता, नदीपलीकडच्या कॅम्डेनला नेणारी फेरी बंद करण्यात आली होती. ती पुन्हा सुरू झाली 2006 साली. त्यांच्या गोधड्या ह्यूस्टन-न्यूयॉर्कला आधी पोहोचल्या. नदीपलीकडे जायची फेरी नंतर आली.

येथे आम्हाला आमचे घर आठवते. गोधडी, वाकळ, लेपडे ही नावे उच्चारली की जुन्या लुगड्याचा मऊपणा हाताला जाणवतो. आमच्या आया दुपारी जमिनीवर पसरून धावदोरा घालीत. तेवढीच त्यांची दुपार. खरा विसावा मिळे तो माहेरी, आणि तोही कुणी न्यायला आले तर. दुसरीकडे, गाढवाच्या पाठीवर बिऱ्हाड लादून गावोगाव हिंडणाऱ्या जमातींची फिरती घरेही याच मातीतली. त्यांतल्या अनेकांवर 1871 च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, शिक्का मात्र पुसला गेला नाही. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (1980) वाचलेल्यांना हे निराळे सांगायला नको. फिरते घर ही एकाची हौस असते आणि दुसऱ्याचा गुन्हा ठरतो. फरक घरात नसतो, निवडीच्या हक्कात असतो.

म्हणून त्या ट्रेलरमधल्या शिवणाऱ्या बाईचा आम्हाला हेवाही वाटतो आणि तिच्याकडे पाहताना सावधही राहावेसे वाटते. तिच्यापाशी वुल्फबाईंचे पाचशे पौंड आहेत, मोटार आहे, आणि अडवणूक न होणारा रस्ता आहे. असे असूनही तिला चार दिवस घराबाहेर पडावे लागते, हेही तितकेच बोलके आहे. तिने स्वतःच बांधलेले, कुणी न्यायला येण्याची वाट न पाहणारे, असे हे माहेर आहे.

त्या विद्यार्थिनीला आज उत्तर द्यायचे तर आम्ही एवढेच म्हणू : खोलीला चाके असली तर उत्तमच. पण आधी रस्ता कुणाकुणासाठी मोकळा आहे, ते पाहावे लागेल.