शोधपत्रिका विश्वासार्ह की फसवी?

पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्याला वा महाविद्यालयीन प्राध्यापकाला ‘आपला शोधनिबंध आठवडाभरात प्रसिद्ध करू’ असे आमंत्रण येणे आता नवे राहिलेले नाही. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाचे कार्यक्षेत्र सोलापूर जिल्ह्यापुरते आहे. २००४ साली हे विद्यापीठ स्थापन झाल्याने बार्शी, पंढरपूर, सांगोल्याच्या अभ्यासकांना संशोधनाची सोय जवळ झाली. मात्र निबंध कोठे पाठवावा, हा प्रश्न प्रत्येकाला स्वतःच सोडवावा लागतो. निवड चुकली तर पैसा जातोच, शिवाय काही वर्षांचे कामही मातीमोल होते.

फसवी पत्रिका म्हणजे काय?

मुक्त प्रवेशाच्या पत्रिका वाचकाला विनामूल्य असतात. त्यांतील अनेक पत्रिका खर्च लेखकाकडून घेतात व त्या बदल्यात तज्ज्ञांकडून निबंधाचे परीक्षण करून घेतात. फसव्या पत्रिका शुल्क घेतात, परीक्षण मात्र करीत नाहीत. अमेरिकेतील ग्रंथपाल जेफ्री बील यांनी २०१० मध्ये अशा प्रकाशकांना ‘भक्षक’ हे विशेषण दिले. २०१३ मध्ये ‘सायन्स’ने ढोबळ चुका असलेला बनावट निबंध ३०४ पत्रिकांना पाठविला, त्यांतील १५७ पत्रिकांनी तो स्वीकारला.

पुण्यातील पडताळणी

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१७ मध्ये मान्यताप्राप्त पत्रिकांची यादी जाहीर केली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन व सहकाऱ्यांनी तिची तपासणी केली. विद्यापीठांच्या शिफारशीवरून यादीत आलेल्या व अन्य निर्देशसूचींत नसलेल्या पत्रिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक पत्रिका निकृष्ट असू शकतात, असा निष्कर्ष २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ पत्रिका वगळल्या. २०१९ मध्ये ‘केअर’ यादी आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद केल्याचे जाहीर केले. पत्रिका पारखण्याची जबाबदारी आता संस्था व संशोधक यांच्यावरच आली आहे.

कसे ओळखावे?

* संपादक मंडळ : नावे खरी आहेत का, हे त्या प्राध्यापकांच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पाहावे. शंका वाटल्यास त्यांनाच विचारावे. काही वेळा नावे परवानगीवाचून छापलेली असतात.
* परीक्षण : खऱ्या परीक्षणाला काही आठवडे, बहुधा काही महिने लागतात व दुरुस्त्या सुचविल्या जातात. प्रसिद्धीची हमी आधीच मिळाली, तर सावध व्हावे.
* आयएसएसएन : हा केवळ ओळख क्रमांक आहे, दर्जाची पावती नव्हे.
* निर्देशसूची : ‘स्कोपस’ वा ‘डीओएजे’मध्ये समावेश असल्याचा दावा त्या सूचीच्या संकेतस्थळावरच पडताळावा. ‘इम्पॅक्ट फॅक्टर’बाबतही हेच करावे, भलत्याच संस्थांनी दिलेले मिळतेजुळते आकडे सर्रास छापले जातात.
* शुल्क : शुल्क घेणे हा दोष नव्हे. ते आधी स्पष्ट न सांगणे, किंवा निबंध मागे घेण्यासाठी पैसे मागणे हा दोष होय.
* नक्कल : जुन्या, नामांकित पत्रिकेच्या नावाने बनावट संकेतस्थळे चालविली जातात. पत्ता मूळ प्रकाशकाकडून वा आयएसएसएनच्या अधिकृत सूचीतून खात्री करून घ्यावा.
* जुने अंक : दोन-तीन निबंध वाचून पाहावेत. मराठी साहित्यापासून स्थापत्य अभियांत्रिकीपर्यंत सारे काही एकाच अंकात व अशुद्ध भाषेत असेल, तर तेथून परतावे.

यांतील एखाद्याच लक्षणावरून निकाल देऊ नये. नवी वा प्रादेशिक भाषेतील प्रामाणिक पत्रिका मोठ्या निर्देशसूचीत नसू शकते. अशा वेळी परीक्षणाची पद्धत व जुने अंक यांनाच अधिक महत्त्व द्यावे.

निबंध गेला असेल तर?

प्रसिद्धीपूर्वी लक्षात आल्यास निबंध मागे घेत असल्याचे लेखी कळवावे, स्वामित्वहक्काच्या करारावर सही करू नये व पत्रव्यवहार जपून ठेवावा. मागे घेतल्याची लेखी नोंद नसताना तोच निबंध दुसरीकडे पाठविल्यास दुबार प्रकाशनाचा ठपका येतो. मार्गदर्शक व ग्रंथपाल यांना विश्वासात घ्यावे. लपवाछपवीने नुकसान वाढते.

२०२२ च्या नियमांत आयोगाने पीएच.डी.साठी शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती काढली आहे. तेव्हा केवळ संख्या भरण्यासाठी घाई करण्यापेक्षा एकच निबंध चांगल्या पत्रिकेत येऊ देणे हितावह ठरेल.