बहुरूपी फलनांची चाचणी : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
चाचणीने प्रोग्रॅममधील दोषांचे अस्तित्व दाखविता येते, त्यांचा अभाव सिद्ध करता येत नाही, असे प्रतिपादन डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६९ च्या सुमारास केले. सिद्धता आणि चाचणी यांतील हे अंतर बहुरूपी फलनांच्या बाबतीत कसे कमी झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकल्पनेचा विकास :
क्रिस्तोफर स्ट्रेची यांनी १९६७ मध्ये कोपनहेगन येथील व्याख्यानांत बहुरूपतेचे दोन भेद सांगितले. बेरजेचे चिन्ह पूर्णांकांसाठी एक व दशांश संख्यांसाठी दुसरी कृती करते, हा पहिला भेद. यादी उलटविणारे फलन मात्र यादीतील घटक अंक आहेत की अक्षरे, याची दखलच घेत नाही, हा दुसरा. या दुसऱ्या भेदाला रॉबिन मिल्नर यांनी १९७८ मध्ये टाइप-तपासणीची पद्धती दिली, तर १९८३ मध्ये जॉन रेनॉल्ड्स यांनी अशा फलनांची एकसमान वागणूक गणिती भाषेत मांडली. फलनाच्या केवळ टाइपवरून त्याचे काही गुणधर्म सिद्ध होतात, हे फिलिप वॉडलर यांनी १९८९ मध्ये दाखविले.

चाचणीतील अडचण :
कोएन क्लासेन व जॉन ह्यूज यांनी २००० मध्ये हॅस्केल भाषेसाठी 'क्विकचेक' हे साधन सादर केले. गुणधर्म माणसाने सांगावा. उदाहरणे संगणकाने यादृच्छिक रीतीने निर्माण करावीत, ही त्यामागील कल्पना. परंतु उदाहरणे निर्माण करण्यासाठी एखादा निश्चित टाइप निवडावाच लागतो. समजा, 'यादी उलटविली तरी ती तीच राहते' हा उघड चुकीचा गुणधर्म तपासावयाचा आहे. ज्या टाइपमध्ये एकच मूल्य आहे तो निवडल्यास यादीतील सर्व घटक सारखेच असतात आणि शंभर काय, लाख चाचण्याही यशस्वी ठरतात. येथे दोष चाचण्यांच्या संख्येत नसून टाइपच्या निवडीत आहे.

या प्रश्नाचे उत्तर जाँ-फिलिप बेर्नार्डी, पॅट्रिक यान्सन व क्लासेन यांनी २०१० मध्ये दिले. रेनॉल्ड्स यांच्या सिद्धांताच्या आधारे बहुरूपी गुणधर्मांच्या एका मोठ्या वर्गासाठी एकच योग्य टाइप काढता येतो, असे त्यांनी दाखविले. यादी उलटविणाऱ्या फलनासाठी पाच घटकांची १, २, ३, ४, ५ ही एकच यादी तपासली, की पाच घटकांच्या सर्व याद्यांचा निर्णय होतो. कारण फलन घटकांची केवळ जागा बदलू, वगळू वा पुन्हा वापरू शकते, त्यांच्यात भेद करू शकत नाही.

निष्कर्ष :
फलनाचे घटकांविषयीचे अज्ञान हेच येथे पुराव्याचे बळ ठरते. मात्र याद्यांच्या लांबीला अंत नसल्याने डाइक्स्ट्रा यांचा इशारा कायम राहतो. तसेच फलन घटकांची परस्पर तुलना करू लागले, की ही हमी त्याच स्वरूपात लागू होत नाही. सिद्धतेने चाचणीची जागा घेतली नाही. कोणती चाचणी पुरेशी आहे, हे तिने ठरवून दिले. अध्यापनात हे दोन्ही विषय एकत्र शिकविण्याची आवश्यकता या इतिहासातून स्पष्ट होते.